हट्टी मुलीची जागा

साडी दाखवणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, बोटांकडे बघायचं असतं. तोंड म्हणतं, "काठ जरा भडकच आहेत," आणि बोटं पुन्हा पुन्हा त्याच काठावर येतात. मागितलेली साडी चौथी उघडायची. आधीच्या तीन नाकारण्यासाठीच असतात. आणि गिऱ्हाईक घुटमळलं की म्हणायचं, "घेऊ नका हो, नुसती खांद्यावर टाकून बघा." खांद्यावर आलेली साडी दहांतल्या सात बायका परत देत नाहीत. मी, सुहास आवटी, सांगलीत बेडगकर अण्णांच्या दुकानात सव्वीस वर्षं गादीवर बसून हेच केलं. लोकांना हवंसं वाटायला लावणं हा माझा धंदा. त्याची मला कधी लाज वाटली नव्हती, उलट घमेंडच होती.

मंदीचं ते तिसरं वर्ष. कारखान्यांतली कामं यंत्रांनी नेली होती, ऑफिसांतली त्याहून हुशार यंत्रांनी, आणि ज्यांची कामं उरली त्यांचे पगार निम्म्यावर आले होते. तरी दुकान रिकामं नव्हतं. मंदीत बायका उलट जास्त वेळ बसतात. परवडत नाही ते निदान हात लावून घेतात. त्यांची ती तगमग मला कळायची, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर आमची पुढच्या दिवाळीची आशा टिकून होती.

मग एका दुपारी देसाई वहिनी आल्या. जुन्या गिऱ्हाईक, मैत्रिणीसोबत आलेल्या. मी सवयीने एक पैठणी उलगडली. वहिनींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "काय सुंदर विणलीय हो," त्या म्हणाल्या. "विणणाऱ्याला माझा नमस्कार सांगा." मग पदर नीट घडी घालून म्हणाल्या, "ठेवा आत." हात मांडीवर होते. बोटं हललीसुद्धा नाहीत. किंमत विचारली नाही, आणि किंमत न विचारता उठलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. जाताना त्यांच्या कानामागे कातडीच्या रंगाची, रुपयाच्या नाण्याएवढी चकती दिसली.

ती चकती म्हणजे 'निवांत'. पुढच्या दोन महिन्यांत ती माझ्याच घरात आली.

माझी बायको प्रणिता हळदीच्या एका निर्यात कंपनीत हिशेबनीस होती. कंपनीने पगार निम्मे केले आणि त्याबरोबर प्रत्येकाला एक 'निवांत' फुकट दिलं. त्याआधी घरच्यांना हॉलवर बोलावून चहा-पोहे झाले आणि एका डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बाई छान बोलल्या. म्हणाल्या, "आवडणं आणि हवंसं वाटणं ही आपल्याला एकच गोष्ट वाटते. मेंदूत मात्र त्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. श्रीखंड जिभेवर आल्यावर जे सुख होतं ते एका ठिकाणी. श्रीखंडाच्या दुकानावरून जाताना पाय थबकतात ते दुसऱ्या ठिकाणी. दुःख होतं ते या दुसऱ्या यंत्रणेमुळे. कारण ती मागत राहते, आणि मिळालं की नवं मागते. ही चकती कानामागच्या हाडातून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडते. त्या बरोबर त्या दुसऱ्या ठिकाणी जाऊन तिथला जोर कमी करतात. पहिलं ठिकाण शाबूत राहतं. म्हणजे श्रीखंड गोडच लागेल. फक्त नसलं तर चालेल."

"आणि काढली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"पंधरा दिवसांत पूर्ववत. मोठ्या माणसांत आम्ही हे शेकडो जणांवर पाहिलंय."

मोठ्या माणसांत, असं त्या म्हणाल्या होत्या. ते दोन शब्द मी ऐकले होते. ऐकलेच नव्हते, असं आता म्हणू शकत नाही.

प्रणिताने चकती लावली आणि आठवड्यात आमचं घर बदललं. नवा फ्रिज, बहिणीच्या घरासारखी बाल्कनी, एकदा तरी केरळ, हे सगळं बंद. आमटी-भात जेवताना ती म्हणायची, "आज आमटी मस्त झालीय ना?" आणि खरंच मस्त झालेली असायची. पूर्वी पैशात सुख नसतं असं फक्त पैसेवाले म्हणायचे. आता ते रिक्षावाले म्हणू लागले आणि मनापासून म्हणू लागले. निम्म्या पगारावर कुणी मोर्चा काढला नाही. पगार कमी म्हणून कुणी भांडेना, आणि भांडत नाही म्हणून तो आणखी कमी झाला. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनीही हौसेने चकत्या लावल्या आणि त्यांचे पैसे बँकेत पडून राहिले, कारण घ्यायचं काय? दुकानं बसली. मंदीवरचं औषध मंदीलाच खतपाणी घालत होतं, हे माझ्यासारख्या बारावी झालेल्या माणसाला गादीवर बसून दिसत होतं. पण दिसून काय उपयोग? मीही घरी जाऊन मुकाट्याने त्या शांततेत जेवत होतो.

घरात हवंसं वाटणारं एकच माणूस उरलं होतं. आमची शर्वाणी.

सतरा वर्षांची. भयंकर हट्टी. तिला मासे हवे होते. खायला नव्हे, शिकायला. रत्नागिरीला समुद्री जिवांचा अभ्यास शिकवणारी एक संस्था आहे, तिथे तिचा नंबर लागला होता. फी, हॉस्टेल, बोटीचा खर्च, सगळं मिळून जो आकडा होता तो आमच्या घरात मोठ्याने उच्चारायचीही सोय नव्हती. एकतीस जुलैपर्यंत भरायचा होता. मी आधी थट्टेवारी नेलं. "कृष्णेत मासे नाहीत का?" म्हटलं. मग समजावलं. मग ओरडलो. तिने दोन दिवस ताट बाजूला सारलं.

"कर्ज काढा," ती म्हणाली.

"मंदीत कोण देतंय?"

"मग आईच्या बांगड्या मोडा. आईला आता नकोच आहेत त्या."

"शर्वाणी!"

"काय चुकलं माझं? दिवसभर परक्या बायकांना हवंसं वाटायला लावता तुम्ही. मला आपोआप वाटतंय, तर मी वाईट?"

ती ओरडत होती आणि मी दाराकडे बघत होतो, शेजारचे पाटील काका ऐकतात की काय म्हणून. आमच्याकडे पोराला चांगलं कधी म्हणतात? काही मागत नाही तेव्हा. पाहुणे आले की आयांनी सांगायचं, "आमची पोरगी मुळीच हट्ट करत नाही हो," आणि पाहुण्यांनी म्हणायचं, "किती गुणाची!" माझी आई माझ्याबद्दल असंच सांगायची. मला ती तारीफ वाटायची. माझी लेक मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मागत होती.

प्रणिता शांतपणे भाजी निवडत होती. "अहो, तिलाही लावा की," ती म्हणाली. "किती त्रास करून घेतेय बिचारी."

मी दुसऱ्या दिवशी एक चकती घेऊन आलो. अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागायची. माहितीचं पत्रक चार पानी होतं. मी सही केली. पत्रक वाचलं नाही. आम्ही दुकानात 'रंग जाणार नाही' असं ज्या खात्रीने सांगतो त्याच खात्रीने.

शर्वाणीने मात्र वाचलं. "बाबा, हे उंदरांवर करून बघितलंय," ती म्हणाली. "हवंसं वाटणारा भाग पूर्ण बंद केला तर तोंडात साखर घातल्यावर उंदीर खुशीने चाटतो. पण समोर खाणं ठेवलं तर उठून जात नाही. शेजारी भरलेलं ताट असताना मरतो तो."

"आपण उंदीर आहोत का? ही पूर्ण बंद करत नाही, जरा कमी करते." आणि मग मी तिच्याजवळ बसलो. गादीवर बसतो तसाच, पाय दुमडून, आवाज खाली आणून. "हे बघ, फी भरणं या वर्षी शक्य नाही. तुलाही ते कळतंय. तारीख जाईपर्यंत तू रोज अशी जळणार. मला बघवत नाही. कायमची नको लावूस. नुसती लावून बघ."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली विक्री मी त्या संध्याकाळी केली.

तिने वर पाहिलं. डोळे सुजलेले होते. मग म्हणाली, "लावते. पण तारीख गेली की तुम्ही काढायची. एक ऑगस्टला. मी म्हणणार नाही, कारण मला तेव्हा काढावंसंच वाटणार नाही. तुम्हाला आठवणीने काढावी लागेल. वचन द्या."

मी दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून.

एक ऑगस्टला रविवार होता. शर्वाणी सकाळी उठून आईला पोळ्या लाटायला मदत करत होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी चहा घेत बसलो आणि मनात म्हटलं, आजच कशाला? गणपती होऊ देत. गणपतीत माझी बहीण आली. शर्वाणीने तिला बसायला दिलं, पाणी दिलं, तिच्या नातवाला मांडीवर घेतलं. बहीण म्हणाली, "सुहास, पोरगी किती शहाणी झालीय रे!" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीला तिने काही मागितलं नाही. नोव्हेंबरात ती प्रणिताच्याच कंपनीत पाकिटं भरायला जाऊ लागली, आणि पगार झाला की पाकीट माझ्या हातात द्यायची. अण्णांनी तेव्हा माझाही पगार उतरवला होता. वचनाची आठवण रोज यायची. आठवण यायची आणि मी कूस बदलायचो. विसरलो असतो तर निदान माफ तरी करता आलं असतं.

फेब्रुवारीत दुकानात फोन आला. रत्नागिरीहून, कुणी सावंत सर.

"शर्वाणी आवटीचे वडील का? ती बरी आहे ना?"

"बरी आहे की. का हो?"

"गेल्या वर्षी दर आठवड्याला मला चार-चार पानं प्रश्न पाठवायची. खेकडा कात टाकतो तेव्हा त्याला दुखतं का. भरती येतेय हे शिंपल्याला अंधारात कसं कळतं. मी अर्ध्यांची उत्तरं देऊ शकलो नाही. जुलैनंतर एक ओळ नाही. म्हटलं, पोर आजारी पडली का."

सर पुढे सांगत राहिले. संस्थेत साठ जागा होत्या, मुलं आली होती चार. देशभर हेच चाललं होतं. शिकावंसं वाटणारी मुलंच उरली नव्हती. संस्था बंद पडू नये म्हणून सरकारने पुढच्या वर्षासाठी सगळी फी माफ केली होती. हॉस्टेल फुकट, जेवण फुकट, बोट फुकट.

"एक पैसाही लागणार नाही," सर म्हणाले. "तिने फक्त यायचं आहे."

मी पैठणी तशीच उघडी टाकून घरी पळालो. शर्वाणी नुकतीच कामावरून आली होती, केसांवर हळदीची भुकटी होती. मी धापा टाकत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "अरे वा," म्हणाली. "छान आहे की." आणि हात धुवायला गेली.

मी तिच्यामागे मोरीपर्यंत गेलो. माझ्या हाताने चकती काढली. तिथली कातडी पांढरी पडली होती. ती हलली नाही, विरोध केला नाही, का म्हणून विचारलंही नाही.

पंधरा दिवस झाले. महिना झाला. मी रोज तिच्या आवडीचं काहीतरी घेऊन येत होतो आणि तिच्या बोटांकडे बघत होतो. भेळ आणली तर आनंदाने खायची. नाही आणली तर आणली नाही हे तिच्या लक्षातही यायचं नाही. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांच्या कानामागेही चकती होती, पण ज्ञान जागेवर होतं.

"मोठ्यांचा मेंदू घडून झालेला असतो," त्या म्हणाल्या. "आवाज बंद केला, पुन्हा सुरू केला, इतकंच. विशीच्या आतल्यांचं वेगळं. त्या वयात मेंदू वापरातल्या वाटा पक्क्या करतो आणि बिनवापराच्या बुजवून टाकतो. दोन महिने असते तर काही वाटलं नसतं. तुम्ही किती ठेवली?"

"आठ."

"पत्रकात लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर."

"पुन्हा येईल का?"

"येईलही. कधी, ते सांगता येत नाही." आणि अगदी मायेने म्हणाल्या, "पण मुलगी सुखी आहे ना, आवटी? तुम्हीच त्रास करून घेताय."

घरी प्रणितानेही तेच ऐकवलं. "पोरगी हसतेय, जेवतेय, झोपतेय. तुम्हाला काय हवंय नक्की?" मी संतापाने ताट भिरकावलं. दोघी मायलेकींनी उठून शांतपणे भात गोळा केला. माझ्यावर कुणी चिडलंसुद्धा नाही. त्या घरात ओरडणारा आता मी एकटाच होतो, आणि पाटील काका ऐकतील याची भीती उरली नव्हती. ऐकून त्यांना काही वाटलंच नसतं.

जूनमध्ये मी शर्वाणीला घेऊन रत्नागिरीला निघालो. समुद्र दिसला की काहीतरी होईल, असं मी स्वतःला पटवलं होतं. आंबा घाटात एसटी वळणं घेत होती आणि ती खिडकीतून बघत होती. "किती हिरवं आहे ना, बाबा," ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

संस्थेच्या मागेच खाडी होती. ओहोटीची वेळ, चिखल उघडा पडलेला. तीन मुलगे आणि एक मुलगी गुडघाभर चिखलात उतरून कशावरून तरी कचाकचा भांडत होती. एकाच्या हातात काहीतरी वळवळत होतं आणि बाकीच्या तिघांना तेच हवं होतं. शर्वाणी काठावर उभी राहून त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिली, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी.

"उतर की," मी म्हटलं.

"चपला काढू का?"

"काढ."

ती उतरली. पाऊल रुतलं तशी खुदकन हसली. आणि तिथेच उभी राहिली, मी पुढचं काही सांगेपर्यंत.

सावंत सर पन्नाशीचे, उन्हाने रापलेले. त्यांनी शर्वाणीला बघितलं आणि इतका आनंद झाला त्यांना, की मला तोंड लपवावंसं वाटलं. कपाटातून एक फाईल काढली. तिचेच प्रश्न, छापून, क्रमाने लावून ठेवलेले. "यातल्या सतराव्या प्रश्नावर आम्ही आता प्रयोग करतोय," ते तिला म्हणाले. तिने फाईल चाळली. "छान लिहिलंय," म्हणाली, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या कानामागच्या पांढऱ्या वर्तुळाकडे पाहिलं.

प्रवेशाचा फॉर्म एक पानी होता. नाव, जन्मतारीख, पत्ता. शेवटी एकच प्रश्न, विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचा: तुला हे का शिकायचं आहे?

शर्वाणीने वरचं सगळं सुवाच्य अक्षरात भरलं. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. पंख्याचा आवाज येत होता. ती विचार करत होती असंही नाही, नुसती थांबली होती. मग माझ्याकडे वळून हसली.

"बाबा, काय लिहू?"

मी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं मी कुठल्याही बाईला कुठलीही साडी का हवी ते तिच्या आधी सांगू शकत होतो. माझ्या पोरीला समुद्र का हवा होता, ते मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ती सांगत होती. जेवताना सांगत होती, ओरडून सांगत होती, रडून सांगत होती. मी दाराकडे बघत होतो. आता तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ज्याच्याकडे ते असायला हवं होतं त्याने ते कधी ऐकून घेतलं नव्हतं.

"तुला... तुला जे वाटतं ते लिही," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. जराही न अडखळता एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि कागद सरांपुढे सरकवला. सरांनी वाचला. मग तो माझ्याकडे दिला.

'बाबांना हवं आहे म्हणून.'

"आवटी, हिला आत्ता घेऊन काय करू मी?" सर हळू आवाजात म्हणाले. "मी सांगेन ते सगळं करील ही. पण सांगितलेलं करणारी यंत्रं आमच्याकडे आहेत हो." त्यांनी फाईल बंद केली, पण कपाटात ठेवली नाही. टेबलावरच ठेवली. "जागा मी भरणार नाही. भरायला येतंय कोण? तिला वाटलं की या."

बाहेर भरती लागली होती. ती चार मुलं चिखलाने माखून वर येत होती, अजून भांडतच. शर्वाणी माझ्या शेजारून चालत होती. माझे डोळे पाहून तिने तिचा रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"रडू नका ना, बाबा," ती म्हणाली. "मला कशाचीच कमी नाही."